थकलेली फी, अडलेले हॉल तिकीट

महाविद्यालयात प्रवेश घेताना विद्यार्थी आणि पालक एका हमीपत्रावर सही करतात. शिस्त पाळू, फी मुदतीत भरू, ७५ टक्के हजेरी राखू, रॅगिंग करणार नाही. सही करून घेणारी संस्था आपल्या बाजूने कसली हमी देते, हे मात्र त्या कागदावर क्वचितच लिहिलेले असते. महाविद्यालयीन नियमांचा नैतिक विचार या एकतर्फीपणापासून सुरू करावा लागतो.

कार्यालयात या नियमांचे कप्पे ठरलेले असतात. फीचा हिशेब लेखा विभागाकडे, हजेरी आणि वर्तन विभागप्रमुखांकडे, प्रकृतीची चौकशी समुपदेशकाकडे, तोही नेमलेला असेल तर. विद्यार्थ्याच्या आयुष्यात असे कप्पे नसतात. नाशिककडच्या शेतकऱ्याचा मुलगा पुण्यात शिकत असतो. घरी कांद्याची पट्टी अपेक्षेच्या निम्मी आली की त्याचा हप्ता थकतो. तो रात्री गोदामात काम धरतो, सकाळचे प्रॅक्टिकल बुडते, नाव डिफॉल्टर यादीत लागते. झोप आणि जेवण दोन्ही बिघडतात, चिडचिड वाढते, एखाद्या प्राध्यापकाशी शब्दाला शब्द लागतो. आता त्याच्यावर थकबाकी, गैरहजेरी आणि बेशिस्त असे तीन ठपके असतात. तिन्हींचे मूळ एकच असल्याचे कोणत्याही एका टेबलावर दिसत नाही, कारण ते पाहणे कोणाचेच काम म्हणून ठरलेले नसते.

पैशाच्या बाबतीत नियमांची कमतरता नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेत स्पष्ट केले की मूळ प्रमाणपत्रे संस्थेला स्वतःकडे ठेवून घेता येत नाहीत. पडताळणी करून ती परत द्यावी लागतात. प्रवेश रद्द केल्यास किती फी परत करायची, याचे टप्पेही त्यात दिले आहेत. २०२४-२५ या वर्षासाठी तर ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्याला पूर्ण फी परत द्यावी, असे आयोगाने कळवले होते. तरीही ‘आधी उरलेल्या वर्षांची फी भरा, मग दाखला न्या’ हे वाक्य खिडकीवर ऐकू येते. नियम माहीत नसलेला पालक उसनवारी करून पैसे भरतो आणि त्याची कुठे नोंदही राहत नाही.

संस्थेचीही बाजू आहे आणि ती खरी आहे. विनाअनुदानित महाविद्यालयात प्राध्यापकांचे पगार फीवर चालतात. शासनाकडून येणारी शिष्यवृत्तीची रक्कम लांबली की तिथले पगारही लांबतात. फी बुडवणे हा कोणाचा हक्क नाही. पण थकबाकी वसूल करणे वेगळे आणि शिक्षण अडवून धरणे वेगळे. हप्ते बांधून देता येतात, लेखी मुदत देता येते, माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून तात्पुरती उचल देता येते. हॉल तिकीट रोखले की विद्यार्थ्याचे वर्ष जाते, आणि गेलेले वर्ष नंतर फी भरूनही परत मिळत नाही. दंड चुकीच्या मानाने किती मोठा असावा, याचा साधा विवेक इथे सुटतो.

राखीव प्रवर्गातील आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही अडवणूक अधिकच अन्यायाची आहे, कारण तिथे देणेकरी बहुतेकदा विद्यार्थी नसतोच. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरलेला असतो, उत्पन्नाचा दाखला जोडलेला असतो, महाविद्यालयाने तो पुढे पाठवलेलाही असतो; रक्कम तेवढी आलेली नसते. राज्याने ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली. निर्णय मोलाचा आहे. पण सवलत कागदावर शासनाची आणि तगादा मुलीला, असे होत राहिले तर घरचे तिला परत बोलावतात आणि निर्णयाचा हेतूच हरतो.

वेळेत न भरलेली रक्कम किती लहान असू शकते, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर दिसले. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील अतुल कुमार या दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. १७,५०० रुपये भरण्याची मुदत काही मिनिटांनी हुकली आणि जागा गेली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद १४२खालील अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. एवढ्या रकमेसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि तेही ज्याला जाता आले त्याच्यापुरतेच.

वर्तनाच्या नियमांत रॅगिंगविषयीचा कायदा सर्वांत कडक आहे आणि तो तसाच असायला हवा. महाराष्ट्राने १९९९ मध्येच स्वतंत्र कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड, दोषी ठरल्यास पाच वर्षे कुठेही प्रवेश नाही. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आहे आणि ती टाळणाऱ्या प्रमुखालाही कायदा सोडत नाही. म्हणजे इथे कायदा संस्थेलाही जाब विचारतो. पोशाख, हजेरी, घोषणा, आंदोलन अशा बाबतींत तो तोल दिसत नाही. एकाच बैठकीत आरोप, सुनावणी आणि शिक्षा उरकली जाते. आरोप लेखी द्यावा, बाजू मांडायला वेळ द्यावा, तक्रार करणाऱ्याने निवाडा करू नये, इतके किमान पथ्य पाळले तरी शिस्तपालन समितीला वजन येईल.

हजेरीच्या प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेला निकाल लक्षात घेण्याजोगा आहे. २०१६ मध्ये परीक्षेला बसू न दिलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने जीवन संपवले होते. त्या प्रकरणातून आलेल्या या निकालात, केवळ हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असे न्यायालयाने म्हटले.

इथे प्रकृतीचा प्रश्न येतो. हजेरीत सूट हवी तर वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले जाते. टायफॉइडचा दाखला जोडणे सोपे, नैराश्याचा जोडणे फार कठीण. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ शारीरिक आणि मानसिक आजाराला समान वागणुकीचा हक्क देतो आणि माहिती गुप्त ठेवण्याचाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो. तिला शिक्षा नको, काळजी हवी, ही त्यामागची भूमिका आहे. अशा मुलाला वसतिगृहातून काढून ‘तंदुरुस्तीचा दाखला घेऊनच परत या’ म्हणणारे रेक्टर संस्थेची जोखीम कमी करतात, मुलाची नव्हे. घरी पाठवायचेच असेल तर उपचार, परतीची तारीख आणि बुडालेल्या परीक्षेची सोय, तिन्ही त्याच दिवशी लिहून द्यायला हवीत.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद केली आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वसतिगृहात आणि वर्गांत ठळक लावला पाहिजे, शिक्षक-कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण वर्षातून दोनदा झाले पाहिजे. मानसशास्त्राच्या प्राध्यापकावर हे अतिरिक्त काम टाकून पूर्तता दाखवणे म्हणजे सूचनेची फसवणूक आहे. जो गुण देतो, त्याच्याजवळ मुले मन मोकळे करत नाहीत.

अन्याय झाल्यास दाद मागायला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल ठेवला आहे. प्रमाणपत्रे अडवणे आणि फी परत न करणे या दोन्ही गोष्टी तिथे तक्रारीचा विषय आहेत. पण ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांचीच सही जर्नलवर आणि टर्म वर्कवर लागते, म्हणून मुले गप्प बसतात. यावर उपाय संस्थेच्या हातात आहे: तक्रारदाराचे अंतर्गत गुण दुसऱ्या परीक्षकाकडून तपासून घेणे. लोकपालाचे नाव, फी-परतीचा तक्ता आणि समुपदेशकाच्या वेळा प्रवेशाच्या त्याच हमीपत्रावर छापून त्याखाली प्राचार्यांची सहीही असावी.