न तपासलेली साक्ष

आकाशात आणखी कुठे जीव असतील का, हा विषय बेलवलीत निघाला की आम्हां मंडळींत दोन तट पडतात. एक म्हणतो, 'रब्बुल आलमीन' यात जगाचे अनेकवचन आहे, म्हणजे असणारच. दुसरा म्हणतो, सारे थोतांड. जुन्या भाष्यकारांनी त्या अनेकवचनात माणसे, जिन्न, फरिश्ते पाहिले; ग्रहांवरच्या वस्तीचा दाखला म्हणून ते आम्ही आज वापरतो. दीनच्या बाजूने बोलताना खात्री नसलेली गोष्ट ठासून सांगितली, तर ती खोटी साक्ष होत नाही का?

इथे डॉ. जयंत नारळीकर आठवतात. जीवनाची बीजे अंतराळातून आली असावीत, हे त्यांचे गुरू फ्रेड हॉएल यांचे मत. ते पडताळायला एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून मोठा फुगा सोडला गेला. प्रयोगाचे प्रमुख नारळीकर. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. तिच्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला हॉएल यांचेच नाव दिले. आता एवढ्यावर (आमच्यासारख्यांनी तर मिठाई वाटली असती!) 'परग्रहावरचे जीव सापडले' म्हणता आले असते. पण २००९ मध्ये इस्रोने जाहीर केले ते इतकेच, की हे जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. पुढे शोधायला मात्र उत्तेजन मिळते.

नारळीकर २० मे २०२५ रोजी वारले. प्रश्न अजून उघडाच आहे.