तेल कुठलं घालू?

तेलाच्या बाबतीत माझं ज्ञान दोनच जातींपुरतं आहे. एक डोक्याला चोळायचं आणि दुसरं फोडणीचं. गाडीचं तेल म्हणजे पंपावरचा पोऱ्या जे म्हणेल ते. त्यामुळे आमचे कोल्हापूरचे मेव्हणे फोनवर गंभीर आवाजात म्हणाले, "दाजी, जरा येऊन जा. तेलाचा निर्णय घ्यायचाय," तेव्हा मला वाटलं, घाण्याचं शेंगतेल घ्यावं की सूर्यफुलाचं, असा काहीतरी पेच असणार.

पेच गाडीचा होता. मेव्हण्यांकडे १९६४ सालची शेवरलेट इम्पाला आहे. सासऱ्यांनी ती त्यांच्या नावावर केली आणि मग निश्चिंतपणे डोळे मिटले. मेव्हणे तिला 'व्हिंटेज' म्हणतात. गाड्यांमधले कर्मठ लोक १९१९ ते १९३० या काळातल्या गाडीलाच व्हिंटेज मानतात. तेव्हा आपोआप गिअर बदलणारी व्हिंटेज गाडी ही वस्तूच संभवत नाही, कारण जनरल मोटर्सनं 'हायड्रामॅटिक' बाजारात आणलं तेच मुळी १९३९ साली. पण आपल्या सरकारनं २०२१ साली नियम केला, की पन्नाशी उलटलेली गाडी व्हिंटेज आणि तिनं रोजच्या रहदारीत यायचं नाही. म्हणजे मेव्हणेही बरोबर. (हा नियम माणसांनाही लागू आहे असं आमच्या घरी समजतात.)

तर या गाडीला क्लच नाही. 'पॉवरग्लाइड' नावाचा दोनच गिअरचा डबा आहे आणि ते दोन गिअरही ती स्वतःच्या मर्जीनं बदलते. या डब्यात तांबडं तेल असतं. लालभडक, रसनासारखं. इंजिनाच्या तेलापासून वेगळं ओळखू यावं, गळलं तर कुठलं गळलं ते कळावं, म्हणून रंगवलेलं. या तेलाच्या नशिबी मोठे विचित्र भोग आहेत. इंजिनाची ताकद त्यानंच चाकांकडे पोचवायची, दाब देऊन क्लचच्या चकत्या त्यानंच मिटवायच्या, उष्णता त्यानंच वाहून न्यायची. आणि सगळ्यात कठीण म्हणजे, वंगण असूनही चकत्यांना एकमेकींना धरू द्यायचं. घसरवायचंही आणि घसरू द्यायचंही नाही! एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेखेरीज हे काम कुणाला जमल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

किती घसरू द्यायचं, यावर अमेरिकेत दोन पंथ झाले. फोर्डचं 'टाइप एफ' हे तेल फटकळ. गिअर बदलताना चकत्या खटकन धरायच्या, गाडीला जरा हिसका बसायचा, पण झिजायचं काम नाही. जनरल मोटर्सचं तेल गोडबोलं. त्यात घर्षण सौम्य करणारं द्रव्य घालायचे. चकत्या अंमळ सरकून मग धरायच्या. गिअर कधी बदलला हे मागच्या सीटवरच्या सासूबाईंना कळू नये, अशी त्यामागची सोय. या गोडव्याची किंमत म्हणजे प्रत्येक वेळी किंचित झीज. आता फटकळ बरा की गोडबोल्या, यावर मी आयुष्यभर वाद घालायला तयार आहे, पण उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी तो एका वाक्यात संपवला. "दाजी, डबा कुणी बनवला ते बघायचं. गोडाला गोड, तिखटाला तिखट. उलटं केलं की दोघं बी वाया."

इथवर पेच नव्हताच. कंपनीनं १९६४ मध्ये सांगितलेलं तेल होतं 'टाइप ए, सफिक्स ए'. १९६७ साली कंपनीनंच त्याच्या जागी 'डेक्सरॉन' आणलं. त्याच वंशातलं तेल आजही मिळतं. घाला आणि मोकळे व्हा. पण मेव्हण्यांनी मुंबईच्या चोर बाजारातून एक पत्र्याचा सीलबंद डबा पैदा केला होता. एक क्वार्ट, म्हणजे लिटरला जरा कमी. अस्सल टाइप ए. डबा त्यांनी देव्हाऱ्यातून काढावा तसा काढला आणि म्हणाले, "यात देवमासा आहे."

खरंच आहे. जनरल मोटर्सचा तो गोडवा यायचा स्पर्म देवमाशाच्या तेलातून. डोक्याला चोळायचं नव्हे, डोक्यातून काढलेलं तेल. पंधरा-सोळा मीटर लांबीचा तो जीव, दात असलेल्या देवमाशांत सगळ्यात मोठा. त्याच्या डोक्यात आणि चरबीत असलेलं हे तेल रसायनदृष्ट्या मेणाच्या जातीचं. ते उष्णतेला दाद देत नाही. १९६०च्या दशकात या देवमाशांची कत्तल टिपेला पोचली होती. सासूबाईंना हिसका बसू नये म्हणून! १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं कायद्यानं हे तेल बंद केलं आणि रसायनतज्ज्ञांची पर्याय शोधताना दमछाक झाली. जोजोबा नावाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांतलं तेल बरंचसं असंच असतं, हेही त्या शोधात उपयोगी पडलं. म्हणजे मासा मारल्याशिवाय चालत होतं तर!

"आता हा डबा ओतू का नको?" मेव्हण्यांनी विचारलं. "मासा तर साठ वर्षांपूर्वी मेला. तेल गटारात टाकलं म्हणून तो काही पोहायला लागणार नाही."

मिस्त्री म्हणाले, "साठ वर्षांचं तेल व्हय? घालू नका." शहाणपण असं आधीच धावून आलं, की नीतीला करायला काही उरत नाही, आणि माझी नेमकी हीच तक्रार आहे. मेव्हण्यांचीही होती. "समजा, तेल ताजं असतं तर?"

मी म्हटलं, वस्तू बाळगणं वेगळं आणि उपभोगणं वेगळं. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ आहेत. आपण ते पाहतो, हळहळतो, पण त्यावर कुणी चढून बसत नाही. मेव्हणे म्हणाले, "तुमच्या आईंच्या हस्तिदंती फणीनं वहिनी अजून केस विंचरतात की." हे खरं होतं आणि मला त्यावर काही सुचलं नाही. मग मी म्हटलं, गाडीवर पाटी लावाल का, 'हिच्यात देवमाशाचं तेल आहे' म्हणून? लाज वाटली तर ओतू नका. मेव्हण्यांचे डोळे चमकले. ती पाटी त्यांनी इंग्रजीतसुद्धा लावली असती. माझी कसोटी गेली तेलात!

चहा घेऊन आलेल्या मेव्हण्यांच्या पत्नी एवढंच म्हणाल्या, "तो मासा मारला तेव्हा लोकांना दुसरा उपाय माहीत नव्हता, असं म्हणू. तुम्हांला तर माहीत आहे. मग तुम्ही कुठल्या तोंडानं ओतणार?"

यावर मेव्हणे बराच वेळ डब्यावरचं इंग्रजी वाचत बसले. मला अजूनही वाटतं, की मेलेल्या माशाचा मुद्दा पुरता खोडला गेला नाही. फणीचा तर नाहीच.

मिस्त्रींनी नवं तांबडं तेल भरलं. इंजिन गरम करून, चालूच ठेवून काडी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली आणि मान डोलावली. आम्ही रंकाळ्याला चक्कर मारून आलो. पहिल्याचा दुसरा गिअर पडला तेव्हा मला बारीकसा हिसका जाणवला. मेव्हणे म्हणाले, नाही, तो रस्त्याचा खड्डा होता.