यजमानाचे दात

दक्षाच्या यज्ञात पूषा या देवाचे दात गेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. सतीची कथाच एवढी मोठी की तिच्यापुढे दातांची काय मातब्बरी! दक्ष शंकराची निंदा करीत होता तेव्हा हा पूषा दात विचकून हसला होता. म्हणून यज्ञाचा विध्वंस करताना वीरभद्राने नेमके त्याचे दातच पाडले. मागाहून शंकर शांत झाले. दक्षाला बोकडाचे का होईना, डोके मिळाले. भृगूला बोकडाची दाढी मिळाली. पूषाला दात मात्र मिळाले नाहीत. भागवतात त्याची सोय लावली आहे ती अशी : त्याने पीठ खावे, आणि चावायचे झाले तर यजमानाच्या दातांनी चावावे.

देवांना या सोयीत काही वावगे दिसले नाही. मला दिसू लागले आहे, आणि त्याला कारण आमच्या घरातला एक वाद.

आमचे अड्याळ पवनी तालुक्यातले, भंडारा-पवनी रस्त्यावरचे गाव. मुलूख धानाचा. तिथे माझी मोठी आई, म्हणजे थोरल्या काकांची बायको, राहते. वय बहात्तर. पायरियाने एकेक करून तिचे सगळे दात गेले. कवळी केली, वरची बसली, खालची बसेना. यात कवळी करणाराचा दोष नव्हता. दात गेला की त्याच्या खालच्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागते. खालच्या जबड्यात ती झीज अधिक होते, त्यात जीभ सारखी हलणारी. कवळीला धरायला जागाच राहत नाही. मोठी आईची खालची कवळी वर्षभर कपाटात पेल्यात पडून आहे. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटके चालतात. माहेरच्या गावची मंडई तिने कधी चुकवली नव्हती. गेल्या साली ती गेली नाही. चार बायकांत तोंडाला पदर लावून बसायचे, त्यापेक्षा घर बरे, एवढेच म्हणाली.

मग कोणाकडून तरी तिने ऐकले की आता हाडात स्क्रू बसवून दात करतात. त्याची हकीकत मोठी मजेची आहे. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा स्वीडनमधला संशोधक दातांचे नव्हे, हाडातल्या रक्ताभिसरणाचे काम करीत होता. १९५२ च्या सुमारास त्याने सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवली. काम झाल्यावर काढायला गेला तर निघेना. हाडाने तिला आपलीच मानून धरून ठेवले होते. १९६५ मध्ये त्याने योस्टा लार्सन नावाच्या एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारला, तोवर त्याने त्या दातांनी खाल्ले. चाळीस वर्षे! तज्ज्ञांना मात्र हे खरे वाटायला १९८२ उजाडावे लागले.

मोठी आईला नागपूरला दाखवले. डॉक्टर म्हणाले, वयाची अडचण नाही. हाड पुरेसे आहे, साखर ताब्यात आहे. (तंबाखू नाही, हेही त्यांनी दोनदा विचारून घेतले. आमच्या भागातला खर्रा त्यांना ठाऊक असावा.) तोंडभर पक्के दात करायचे तर खर्च काही लाखांचा. पण खालच्या जबड्यात पुढे दोनच स्क्रू बसवून त्यांवर काढ-घालीची कवळी अडकवता येते. २००२ मध्ये कॅनडात मॅगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी बिनदाताच्या खालच्या जबड्यासाठी पहिली निवड हीच असावी असे म्हटले होते. त्याचा खर्च सत्तर हजारांच्या आत-बाहेर. २०२४-२५ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. म्हणजे तीस क्विंटल धान, दीड-दोन एकरांचे पीक.

इथे वाद सुरू झाला. तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "आता या वयात कायले, आई? भात नरम शिजवून देतोच ना आमी."

मोठी आई म्हणाली, "कडक खावाचं का नरम, थे मले त इचारा!"

मला पूषा आठवला तो इथे. नरम भात हे यजमानाचे दात आहेत. प्रेमाने दिलेले आहेत, पण दुसऱ्याचे आहेत. भात किती शिजवायचा, भाजी कोणती, हे सारे यजमानाच्या मर्जीवर. आणि पाहुण्याने तक्रार केली तर तो कृतघ्न. परक्या दातांची खरी किंमत माणूस कशी विसरतो, याचे याहून कठोर उदाहरण आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या कवळ्यांत माणसांचेही दात बसवलेले होते, आणि त्याच्या हिशेबात १७८४ साली गुलामांकडून नऊ दात विकत घेतल्याची नोंद आहे. त्या माणसांची नावे नोंदीत नाहीत. टायटॅनियमला मी एवढे श्रेय देईन की ते कोणाच्या तोंडातून उपटलेले नाही.

"या वयात कायले" या प्रश्नामागे एक हिशेब दडलेला आहे. उरलेली वर्षे थोडी, म्हणून त्यांवरचा खर्च तोट्याचा. पण घास वर्षांनी मोजून खात नाहीत. तो दिवसातून दोनदा समोर येतो. दुसरे कोणी तर वैराग्याचीच साक्ष काढतात. शंकराचार्यांच्या नावावरच्या चर्पटपंजरीत दात पडले तरी आशा न सोडणारा म्हातारा आहेच. तो उपदेश मला मान्य आहे. पण तो ज्याने त्याने स्वतःला करायचा आहे. ज्याला मिळू शकते त्याने सोडले तर ते वैराग्य. दुसऱ्याने आपल्या वतीने सोडले तर त्याला आमच्या गावात वेगळा शब्द आहे.

आता खरा आक्षेप. नातीने नर्सिंगला प्रवेश घेतला आहे आणि फी भरायची आहे. तीस क्विंटल धान एकदाच विकता येते. आजीचा घास मोठा की नातीचे शिक्षण? याचे ठाम उत्तर माझ्याजवळ नाही. मुलीची फी अडली तर दात थांबावेत असेच मलाही वाटते. पण मग तसे म्हणावे. भावाने फीचा विषय आईपासून लपवला होता आणि वय पुढे केले होते. तिला वाईट वाटू नये म्हणून, असे त्याचे म्हणणे. वस्तुतः ज्या धानाबद्दल बोलणे चालले होते ते तिच्या नावच्या, बटईने दिलेल्या शेतातले आहे.

मी भावाला फीचा कागद तिच्यापुढे ठेवायला लावला. चष्मा लावून तिने तो दोनदा वाचला. पहिला हप्ता धान विकल्याबरोबर भरायचा, असे तिने सांगितले. वरच्या कवळीचे चालते, तिला हात लावायचा नाही. खालचे दोन स्क्रू उन्हाळी धानानंतर. हाडात ते रुजायला तीनेक महिने लागतात, हे तिच्या लक्षात होते. तिने बोटांवर महिने मोजले आणि पुढली मंडई सापडते की नाही ते पाहिले. भावाला हा खर्च अजूनही पटलेला नाही. तो पटला पाहिजे अशी तिची अटही नाही.