टाकी किती लिटरची?

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत 100 प्रश्नांना 90 मिनिटं मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, सोडवायचा आणि उत्तरपत्रिकेवरचा गोळा काळा करायचा. पहाटे मैदानावर धावून आलेली मुलं-मुली दुपारी अभ्यासिकेत बसून याच 54 सेकंदांशी झुंजत असतात. साहजिकच क्लासचा सगळा भर ट्रिकवर. गाडीने खांब ओलांडला तर काय करायचं, पूल ओलांडला तर काय करायचं. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक झटकन आठवावेत म्हणून ‘इ-जे-ओ-टी-वाय’, म्हणजे 5, 10, 15, 20, 25. मराठी शाळेतून आलेलं पोरही हे झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतं.

या ट्रिकांना नाकं मुरडणारे बरेच आहेत. मी त्यांच्यातला नाही. ट्रिक म्हणजे कुणीतरी आधी पुरता करून ठेवलेला विचार, घडी घालून ठेवलेला. अडचण एवढीच की घडी उलगडून दाखवायला क्लासात कुणाला सवड नसते.

नळ-टाकीचंच घ्या. एक नळ टाकी 6 तासांत भरतो, दुसरा 12 तासांत. दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती तासांत भरेल? शाळेत आपण 1/6 आणि 1/12 यांची बेरीज करून, अपूर्णांक उलटा करून उत्तर काढलं. क्लासमध्ये सांगतात, लसावि घ्या, टाकी 12 लिटरची धरा. पहिला नळ तासाला 2 लिटर, दुसरा 1, मिळून 3. म्हणून 4 तास. छान, सुटसुटीत. पण एखाद्या हुशार मुलाला विचारून बघा, टाकी 12 लिटरचीच का? “सरांनी तसंच करायला सांगितलंय.” 24 धरली तर? तासाला 4 आणि 2, मिळून 6, उत्तर पुन्हा 4. शंभर लिटरची धरली तरी 4च, फक्त मधे अपूर्णांक घुसतात. ते टाळण्यापुरता लसावि. खरी मेख वेगळीच आहे. टाकी केवढी हे प्रश्नात सांगितलेलं नाही आणि विचारलेलंही नाही, म्हणजे उत्तर टाकीच्या आकारावर अवलंबून नाही. मग तो आकार ठरवायची मुभा आपल्याला आहे.

हे ज्याला उमगलं त्याला मजुरांच्या, वेगाच्या, शेकडेवारीच्या गणितांसाठी वेगळी ट्रिक लागत नाही. ज्याला नाही उमगलं, तो पुढच्याच प्रश्नावर अडतो: नळ टाकी 6 तासांत भरतो, तळाची गळती भरलेली टाकी 12 तासांत रिकामी करते, आणि गळतीतून तासाला 30 लिटर पाणी जातं, तर टाकी किती लिटरची? “12 लिटरची, आपणच तर धरली!” खरं तर इथेही 12च धरायची. धरलेल्या टाकीतून तासाला 1 जातो, खऱ्या टाकीतून 30. म्हणून 12 च्या तीसपट, 360 लिटर. (आणि नळाच्या 6 तासांशी या प्रश्नाला काही देणंघेणं नाही. ते परीक्षकाने उगीच पेरलेलं आहे.)

सोयीचा आकडा मानायचा, हिशेब करायचा आणि शेवटी खऱ्या आकड्याच्या प्रमाणात ताणायचा किंवा आवळायचा, ही रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ‘इष्टकर्म’ म्हणून आहे. त्यातल्या भुंग्यांच्या गणितात थव्याचा पाचवा भाग एका झाडावर जातो, तिसरा भाग दुसऱ्यावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्यावर, आणि एक भुंगा उरतो. थवा 30 चा माना. 6, 10 आणि 12 गेले, 2 उरले. प्रश्नात एकच उरलाय, म्हणजे थवा निम्मा, 15 चा. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. क्लासच्या फळ्यावरच्या ट्रिकचं घराणं असं जुनं आणि इथलंच आहे. सांगत मात्र कुणी नाही.

या गणितांचा मला वाटणारा मोठा गुण म्हणजे उत्तर बरोबर आहे का हे उमेदवाराला तिथेच, बाकावर बसल्या बसल्या ताडून पाहता येतं. चालू घडामोडींत तसं होत नाही. तिथे उत्तरतालिका येईपर्यंत थांबायचं, मग हरकती, मग अंतिम उत्तरतालिका, एखादा प्रश्न रद्द. नळाच्या गणिताला कुणाच्या शिक्क्याची गरज नाही. 4 तासांत पहिल्या नळाने 8 भरले, दुसऱ्याने 4, झाले 12. जिथे सगळंच वरून ठरतं अशा व्यवस्थेत शिरू पाहणाऱ्या पोराच्या हातात एवढी एक गोष्ट स्वतःची असते. “सरांनी सांगितलंय” म्हणताना तो तीही सोडून देतो.

तर्काच्या प्रश्नांत गोची उलटी. ‘सर्व कोल्हापूरकर शाकाहारी आहेत. काही पैलवान कोल्हापूरकर आहेत.’ निष्कर्ष: काही पैलवान शाकाहारी आहेत. निघतो का? निघतो, बिनतोड निघतो. पण कोल्हापूरचा उमेदवार पहिल्याच वाक्याला अडतो आणि त्याचं अडणं स्वाभाविक आहे. विधान खरं आहे का, असं इथे विचारलेलंच नाही. ते मानलं तर पुढे काय मानावं लागेल, एवढंच विचारलंय. स्वतःला ठाऊक असलेलं घटकाभर बाजूला ठेवणं गणितापेक्षा अवघड, असं माझं मत. गावच्या पारावर आणि टीव्हीवरच्या चर्चेत आपण नेमके याच्या उलट वागतो. निष्कर्ष आवडला नाही की युक्तिवाद चुकीचा ठरवून मोकळे.

असेच गणिताचे आणि तर्काचे प्रश्न विचारणारा सी-सॅट हा पेपर यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत 2011 साली आला. त्यावरून आंदोलनं झाली आणि 2015 पासून त्यात फक्त 33 टक्के मिळवणं पुरेसं ठरलं. पुढे एमपीएससीनेही तोच मार्ग धरला. 80 प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. चुका टाळल्या तर 27 बरोबर उत्तरांत काम होतं. त्यामुळे इथे कोणते प्रश्न सोडायचे हे कळणं जास्त महत्त्वाचं.

आणि अभ्यासक्रमात न छापलेलं एक गणित शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकजण अंदाजानेच सोडवतो. 16 प्रश्न कोरे आहेत, प्रत्येकाला चार पर्याय. डोळे झाकून गोळे केले तर सरासरीने 4 बरोबर येतील, 12 चुकतील. चुकीला एक तृतीयांश गुण कापत असतील तर 4 मिळाले, 4 गेले, हाती शून्य. एक चतुर्थांश कापत असतील तर 3 गेले, 1 उरला. पोलीस भरतीत चुकीला गुण कापत नाहीत, तिथे चारही घरात. तरी तिन्हीकडे सल्ला एकच मिळतो: “येत नसेल तर सोडून दे.”