केवळ करुणा पुरे काय?

खेड्यातल्या डॉक्टरविषयी आपण सुशिक्षित मंडळी बोलतो तेव्हा त्याच्या त्यागाची स्तुती करतो. त्याच्या बुद्धीची क्वचितच. जणू शोध लावावेत ते शहरांनी, आणि खेड्यातल्या वैद्याने रात्री-अपरात्री धावून गेले की त्याचे कर्तव्य संपले! ही वाटणी मला मान्य नाही. रोग्याविषयी कळवळा आहे, पण त्याला झाले आहे काय हेच ठाऊक नाही, तर त्या कळवळ्याचा त्या रोग्याला उपयोग कोणता?

आमचे माण आता हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांना येऊन भिडले आहे. येथे बसून हा प्रश्न पुस्तकी वाटेल. ताम्हिणी घाट उतरून महाडकडे गेले म्हणजे तो तसा राहत नाही. जालन्याकडील देहेड गावच्या गरीब घरात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तांबड्या विंचवाचा दंश नित्याचा. दंश झालेला मनुष्य, पुष्कळदा लहान मूल, घामाने निथळे, त्यास ओकाऱ्या होत, हातपाय गार पडत. आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी साचून तोंडाला फेस येई. ग्रंथांत खात्रीचा उपाय नव्हता. ‘आयुष्य सरले’ असे म्हणून डॉक्टर मोकळा झाला असता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती.

बावस्कर मोकळे झाले नाहीत. रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, अंगाचा गारठा यांची टिपणे केली, आणि कोणत्या चिन्हांनंतर हृदय ढासळते हे ताडले. ते निष्कर्ष 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम्. डी. होऊनही ते महाडलाच परतले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात व हृदयावर असह्य भार पडतो. मग त्या सैल करणारे औषध का देऊ नये? रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यांनी वापरली, आणि 1986 साली त्याच नियतकालिकात तिचा अनुभव मांडला. गंभीर रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा 40 च्या आसपास सांगितले जाई. ते शेकडा 1 च्या घरात आले. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचाही वाटा आहे. 2022 साली पद्मश्री मिळाली. पण ती नसती मिळाली तरी युक्तिवादात काही उणे पडले नसते.

इंग्लंडातही बर्कलेच्या जेन्नरने 1796 साली देवीच्या लसीचा प्रयोग केला तो खेड्यातच. आणि बर्न्लेच्या गिरणगावात नित्याचे रोगी तपासता तपासता मॅकेंझीने हृदयाच्या ठोक्यांचा अभ्यास केला. शहरातला तज्ज्ञ रोगाची एखादी अवस्था पाहतो; गावचा डॉक्टर तो प्रारंभापासून शेवटपर्यंत पाहतो.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो क्षुद्र नाही. मरणाच्या दारातले मूल समोर असता टिपणे करणाऱ्याच्या लेखी ते मूल राहते, की केवळ नमुना? जिज्ञासा निर्दय होऊ शकते, हे कोण नाकारील? तिची परीक्षा मला एकच दिसते: जे कळले ते त्याच गावाच्या उशाशी परत येते की नाही, आणि शोधकर्ता स्वतःच्या शोधालाही तपासू देतो की नाही. बावस्करांचे नाव प्राझोसिनमुळे झाले होते. पुढे विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाले, तेव्हा त्यांनी 70 रोग्यांवर तुलना केली: एका गटास नुसती प्राझोसिन, दुसऱ्यास तिच्या जोडीला प्रतिविष. दुसरा गट लवकर बरा झाला. आपल्या एकट्या गोळीपेक्षा ही जोड सरस आहे हा निष्कर्ष त्यांनी 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्वतःच्याच नावाने छापला.