जो बांधतो, त्यानेच पाण्यावर न्यावे



मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई-पुण्याची मुले आंजर्ल्याला येतात. वाड्या पुन्हा गजबजतात आणि एखाद्या घरी मुलांच्या हट्टाखातर कुत्र्याचे पिल्लूही येते. चार दिवस त्याचे कौतुक होते. पाचव्या दिवशी त्याला अंगणातल्या माडाला बांधले जाते. सकाळी तिथे सावली असते. दुपारी सावली सरकते, दोरी मात्र तेवढीच राहते. पाण्याचे वाडगे पिल्लाने केव्हाच उलटे केलेले असते आणि घरातली माणसे जेवून आडवी झालेली असतात.

यात कोणी मुद्दाम छळ केला असे म्हणता येणार नाही. कोणाच्या मनातही तसे नसते. म्हणूनच हा प्रश्न विचारण्याजोगा आहे: ज्यात दुष्ट हेतू नाही, केवळ विसर आहे, त्याचा दोष आपल्याला लागतो का?

याचे उत्तर शोधताना संत लूककृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातील एक प्रसंग आठवतो. अठरा वर्षे कंबरेत वाकलेल्या एका स्त्रीला प्रभू येशू शब्बाथ दिवशी बरे करतो आणि सभास्थानाचा अधिकारी संतापतो. तेव्हा प्रभू त्या सर्वांना त्यांच्याच गोठ्याची आठवण करून देतो. शब्बाथ दिवशीसुद्धा प्रत्येक जण आपल्या बैलाचे किंवा गाढवाचे दावे सोडतो आणि त्याला पाण्यावर नेतो. मग अब्राहामाच्या या लेकीला बंधनातून का सोडवू नये?

आपण हे वचन ऐकतो ते त्या स्त्रीसाठी आणि ते योग्यच आहे. पण प्रभूने आधार कशाचा घेतला तेही पाहावे. विश्रांतीचा दिवस कडकपणे पाळणाऱ्या माणसांनाही जनावराचे पाणी चुकवता येत नव्हते. का? आम्हाला वाटते, ते दावे माणसानेच बांधलेले होते म्हणून. मोकळे जनावर ओढा शोधील, झाडाखाली जाईल. बांधलेल्या जनावराचा तो मार्ग आपण काढून घेतलेला असतो. जेवढे स्वातंत्र्य आपण घेतले, तेवढे देणे आपल्या माथी आले. म्हणून येथे विसर ही लहान गोष्ट राहत नाही. दोरी बांधताना आपण विसरलो नव्हतो, मग पाणी देताना विसरलो ही सबब कशी चालेल?

पिल्लाच्या बाबतीत हे देणे अधिक आहे, कारण त्याचे शरीर आपल्यासारखे नाही. माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो फक्त पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा गारव्याचा मुख्य उपाय आणि त्यात अंगातले पाणी झपाट्याने जाते. तीन किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण पाव लिटर पाणी लागते, उन्हात त्याहून जास्त. दूध हा पाण्याला पर्याय नव्हे. गाई-म्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात आणि अंगातले पाणी आणखी कमी होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचेही तसेच. पुळणीवर खेळायला नेले तर गोडे पाणी बरोबर हवे.

भांडे मातीचे किंवा दगडाचे, जड आणि पसरट असावे, म्हणजे उलटणार नाही. पूर्वी आपल्याकडे विहिरीजवळ गुरांसाठी दगडी डोणी असे, त्यामागे हाच विचार होता. सावली दुपारी दोन वाजता कुठे असते ते पाहून मगच जागा ठरवावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडच्या वाड्यांतील माड-पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा सावलीचे मोल आपल्या सगळ्यांना कळले आहे. जांभ्या दगडावर किंवा वाळूवर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसवणार नाही. पिल्लू फार धापा टाकू लागले, हिरड्या कोरड्या-चिकट लागल्या, चाल अडखळली, तर त्याला सावलीत घ्यावे, पोट व पाय साध्या पाण्याने भिजवावेत, वारा घालावा आणि लगेच पशुवैद्याला दाखवावे.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, पिल्लू मोकळेच सोडावे. आंजर्ल्यात तेही इतके सोपे नाही. लसी पूर्ण न झालेले पिल्लू गावभर फिरले तर रोग घेऊन येते. शिवाय आपली पुळण ऑलिव्ह रिडले कासवांचीही आहे. हिवाळ्यात माद्या येऊन वाळूत अंडी घालतात आणि उन्हाळ्यापर्यंत पिल्ले समुद्राकडे जात राहतात. मोकाट कुत्री ही घरटी उकरतात, म्हणून तर अंडी कुंपणाच्या आत जपावी लागतात. एका पिल्लावरची दया दुसऱ्या पिल्लांच्या जिवावर उठू नये. म्हणजे दोरी हवीच. पण दोरीबरोबर सावली हवी, पाणी हवे आणि दिवसातून दोनदा ती सोडून त्याला फिरवून आणणारा माणूस हवा. ज्या घराला हे जमणार नाही, त्या घराने पिल्लू आणू नये, हीसुद्धा दयाच आहे.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे. कोकणात धो धो पाऊस पडूनही एप्रिल-मे मध्ये कित्येक वाड्यांत बायाबापड्या हंडे घेऊन पाण्यासाठी चालतात. अशा वेळी कुत्र्याच्या पाण्याची चर्चा शोभते का? ख्रिस्तसभा या बाबतीत स्पष्ट आहे. कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात (परिच्छेद २४१८) दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मनुष्याच्या प्रतिष्ठेला सोडून आहे आणि माणसांच्या दुःखनिवारणासाठी खर्चायचा पैसा प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. आपल्यासमोर प्रश्न उधळपट्टीचा नाही, पाव लिटर पाण्याचा आहे. प्रभूचा युक्तिवादही जनावराकडून माणसाकडे जातो. जनावराची तहान कळणाऱ्याला वाकलेल्या स्त्रीची व्यथा कळायला हवी, असे तो म्हणतो. म्हणून पिल्लाचे भांडे भरताना आपल्या बागेत काम करणाऱ्या गड्याला, माडावर चढणाऱ्या माणसाला आपण पाणी विचारले का, हेही स्वतःला विचारावे.

जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे किंवा फार आखूड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण पडवीत पोलीस येत नाहीत. तिथे आपला विवेक तेवढा जागा असतो आणि ज्याला बोलता येत नाही त्याची बाजू त्यालाच मांडावी लागते.

या आठवड्यासाठी एक छोटा संकल्प करू या. पिल्लाच्या पाण्याचे काम घरातल्या एका मुलाकडे सोपवावे: सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी भांडे धुऊन भरायचे. दुपारच्या वेळी मोठ्यांनी स्वतः उठून एकदा पाहावे. सुट्टी संपून मुले परत जातील, तेव्हा हे काम कोणाचे, तेही आजच ठरवावे.

हे प्रभो, ज्यांना आम्ही बांधून ठेवले आहे त्यांची तहान आम्हाला दिसू दे. आमेन.