मोजून केलेली दुर्मिळता

गेल्या मार्गशीर्षांत माझ्या भाचीचा मुलगा आईबरोबर टोरोंटोहून पुण्यास आला होता. वय वर्षें चौदा. मराठी बोलतो, पण बिचकत बोलतो. आणि ज्या खेळाविषयीं तो अहोरात्र बोलतो तो आपल्या ध्यानचंदांचा हॉकीचा खेळ नव्हे, तर पायांस पातीं बांधून बर्फावर खेळावयाचा कॅनडांतला हॉकी. एके दिवशीं दुपारीं त्यानें आपल्या पेटींतून पारदर्शक कवचांत बसविलेलें एक पुठ्ठ्याचें कार्ड काढून माझ्या हातीं दिलें. खेळण्याच्या पत्त्याएवढें तें कार्ड. त्यावर एका तरुण खेळाडूचें चित्र आणि चित्राखालीं निळ्या शाईची स्वाक्षरी. मी चित्र पाहूं लागलों, तों तो म्हणाला, "आजोबा, ते नाही, हे बघा," आणि त्यानें बोट ठेवलें तें कोपऱ्यांतल्या बारीक आंकड्यांवर. तेथें ४१२/९९९ असें छापलेलें होतें. या प्रकारचीं नऊशें नव्याण्णवच कार्डें निघालीं व त्यांतलें हें चारशें बारावें, असा त्याचा अर्थ. खेळाडूचें नांव त्यानें मला मागाहून सांगितलें.

आधीं आंकडा आणि मग माणूस, हा क्रम मला खटकला. तेव्हां मीं कांहीं बोललों नाहीं. पण मुलगा परत गेल्यावरही तो विचार मनांतून जाईना. एखादी वस्तु थोडी आहे म्हणून मोलाची, हें समजतें. पण ती मोलाची व्हावी म्हणूनच कोणी मुद्दाम थोडी केली, तर त्या मोलांत कांहीं खोटें आहे काय?

खेळाडूच्या पहिल्या हंगामांत निघालेल्या कार्डास तिकडे 'रूकी कार्ड' म्हणतात, आणि संग्राहकांत त्याचाच मान सर्वांत मोठा. या जातीच्या कार्डांत शिरोमणि मानलें जातें तें वेन ग्रेट्झ्की याचें. ओंटारिओ प्रांतांतल्या लंडन गांवच्या ओ-पी-ची नांवाच्या मिठाईवाल्या कंपनीनें तें १९७९ सालीं काढलें. त्यावर स्वाक्षरी नाहीं, कीं संख्येचा आंकडा नाहीं. चघळण्याच्या गोंदाबरोबर पाकिटांतून मिळणारें तें पोरांचें खेळणें होतें, आणि पोरांनीं त्याचें खेळणेंच केलें. रबरानें आवळून खिशांत कोंबलें, सायकलच्या आऱ्यांत अडकवून फडफडविलें; जें उरलें तें मुलगा मोठा झाल्यावर आईनें केराबरोबर बाहेर काढलें. शिवाय कारखान्यांतली कापणीच अशी ओबडधोबड कीं कडा खरबरीत निघाव्या, चित्र एका बाजूस सरकावें, आणि निळ्या किनारीचा रंग नुसत्या हाताळण्यानें उडावा. त्यामुळें परीक्षकांनीं दहापैकीं दहा गुण दिलेलीं अशीं दोनच कार्डें पुढें आलीं. त्या दर्जाच्या कार्डास डिसेंबर २०२० मध्यें १२ लाख ९० हजार डॉलर पडले आणि मे २०२१ मध्यें ३७ लाख ५० हजार! आंकडा वाचून मला भोंवळ आली हें कबूल करतों. तरी या दुर्मिळतेविषयीं नीतीचा प्रश्न उत्पन्न होत नाहीं. ती कोणाच्या मनांत नव्हती. काळ, निष्काळजीपणा आणि पोरकटपणा या तिघांनीं मिळून ती घडविली.

पण ग्रेट्झ्कीच्या कार्डाची कीर्ति पसरली आणि त्याबरोबर लोकांची नजर बदलली. १९९०-९१ च्या हंगामांत अपर डेक, स्कोअर, प्रो सेट अशा नव्या कंपन्या हॉकीच्या कार्डांत उतरल्या, आणि बापलोकांनीं मुलांच्या शिक्षणाची ठेव समजून खोकींच्या खोकीं माळ्यावर रचून ठेवलीं. कोणीच सायकलला अडकवलीं नाहींत, कोणीच टाकलीं नाहींत. म्हणून तीं आजहि ढिगानें आहेत आणि त्यांस कोणी विचारीत नाहीं. जें सर्वांनीं जपलें तें जपण्याजोगें उरलें नाहीं! यावर उपाय निघाला तो असा, कीं काळानें जें काम करावयाचें तें कारखान्यानेंच आधीं करून टाकावें: मोजकींच छापावींत आणि संख्या कार्डावरच लिहावी. १९९० सालीं अपर डेकनें रेगी जॅक्सन या बेसबॉलपटूचीं स्वाक्षरीचीं व क्रमांक घातलेलीं अडीच हजार कार्डें पाकिटांत मिसळलीं. पुढें २००५-०६ मध्यें 'द कप' या भारी किंमतीच्या मालिकेंत सिडनी क्रॉस्बीचें स्वाक्षरीचें, त्याच्या अंगरखाचा तुकडा बसविलेलें रूकी कार्ड निघालें, तें अवघें नव्याण्णव. क्रॉस्बीच्या पाठीवरचा आंकडा ८७. म्हणून त्या नव्याण्णवांतल्या सत्त्याऐंशींव्या कार्डास इतरांहून अधिक भाव. मनुष्याची बुद्धि कोठें कोठें जाऊन बसते पहा.

ही शुद्ध लबाडी, असें म्हणून मी मोकळा होणार होतों. पाणी प्राणरक्षक असून स्वस्त व हिरा निरुपयोगी असून महाग कां, हें कोडें ॲडम स्मिथनें १७७६ सालींच मांडलें. पण हिऱ्याची खाण निदान कोणी ठरवून उथळ केलेली नसते. मग आठवलें कीं धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याचे ठसे काढणारे थोर कलावंतहि ठराविक प्रती काढून पत्र्यावर रेघोट्या मारीत आणि तो बाद करीत. त्यांना आपण लबाड म्हणत नाहीं. कारण ठसा घेणाऱ्यास एक वचन दिलेलें असतें आणि तें पाळलें जातें. तसें पाहिलें तर ४१२/९९९ हेंहि वचनच आहे. छापखान्याचें यंत्र सुरू आहे, कागद आहे, शाई आहे, गिऱ्हाईक आहे. तरी हजारावें कार्ड निघत नाहीं. विकत घेणारा पुठ्ठा घेत नाहीं, दुसऱ्याचा संयम विकत घेतो. संयमाला किंमत असावी यांत वावगें काय?

वावगें असें, कीं वचनाचें अक्षर पाळून त्याचा अर्थ मारतां येतो. याच खेळाडूचें सोनेरी किनारीचें कार्ड निराळें, लाल किनारीचें निराळें, अंगरखाच्या तुकड्याचें निराळें. प्रत्येकाची संख्या प्रामाणिकपणें मर्यादित, आणि बेरीज मात्र अमर्याद. एवढ्यानें भागत नाहीं म्हणून ज्या चार रंगांच्या चार पत्र्यांवरून कार्ड छापलें ते पत्रेहि 'एकमेव' म्हणून पाकिटांत घालतात. कलावंत पत्रा बाद करून वचन देत असे. येथें बाद झालेला पत्राच विक्रीस येतो. २००३ सालीं डॉनरस कंपनीनें बेब रूथचा अंगरखा २ लाख ६४ हजार डॉलरांस लिलावांत घेतला आणि कार्डांत बसविण्यासाठीं त्याच्या चिंध्या केल्या. एक खरोखर दुर्मिळ वस्तु नाहींशी करून सुमारें २,१०० बनावट दुर्मिळ वस्तु उत्पन्न केल्या, असें मी म्हणेन. कापड खरें होतें. दुर्मिळता बनावट होती.

स्वाक्षरीचीहि तीच गत. स्वाक्षरी म्हणजे 'हा मनुष्य या कागदापुढें बसला होता' याची साक्ष. परंतु पुष्कळदां खेळाडूपुढें कार्ड नसतेंच. कोऱ्या चिकटपट्ट्यांचे तक्ते ठेवतात, त्यांवर तो शेंकड्यांनीं सह्या ठोकतो आणि कारखान्यांत त्या पुढें कार्डांवर डकवितात. ज्या कार्डाची साक्ष द्यावयाची तें सही होते वेळीं जन्मासहि आलेलें नसतें. सही विकणें हेंच पाप, असें मात्र मी म्हणत नाहीं. गांधीजी आपल्या स्वाक्षरीचे पांच रुपये घेत आणि ते हरिजन निधींत टाकीत. पण त्यांनीं स्वाक्षऱ्यांची संख्या बांधली नव्हती. पांच रुपये आणील त्यास सही मिळे, आणि दुसऱ्यास मिळाली म्हणून पहिल्याची उणी होत नसे. येथें माझ्या आनंदाची अटच अशी, कीं तो पुष्कळांना मिळूं नये.

हें सर्व मीं भाचीच्या मुलास दूरध्वनीवरून, शक्य तितक्या सोप्या शब्दांत, सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "पण आजोबा, नऊशे अठ्ठ्याण्णव जण अजून कुठेतरी आहेत. मला त्यातले तीन माहीत आहेत. एक मुलगा फिनलंडमध्ये आहे." या आंकड्यांत मला कुंपण दिसत होतें, त्याला सोबती दिसत होते. माझ्याजवळ यावर चटकन् उत्तर नव्हतें, आणि चौदा वर्षांच्या मुलापुढें निरुत्तर होण्यांत जी एक गंमत असते ती मीं लपविली नाहीं.

तथापि एक गोष्ट मीं डोळ्यांनीं पाहिली होती, ती त्याला विचारली. पुण्यास असतांना आईनें दिलेल्या पैशांतून आणलेलीं पाकिटें तो माझ्यासमोर फोडीत बसे. आंत काय आहे तें फोडल्यावांचून कळत नाहीं. मोठ्यांनीं केलें तर त्याला आपण सोडत म्हणतों. क्रमांकाचें कार्ड निघालें नाहीं कीं बाकीचीं सारीं न पाहतां बाजूस टाकी. त्या ढिगांत पंधरा-पंधरा वर्षें खेळलेले, पडून दांत गेलेले, उठून पुन्हां खेळलेले लोक होते. ते पुष्कळ छापले गेले एवढाच त्यांचा अपराध. थोडें तें मोलाचें, हें शिकवितांना पुष्कळ तें टाकाऊ, हें आपोआप शिकविलें जातें. आणि या जगांत भाकरी, पाणी, शेजारी व आईबाप हीं सर्व पुष्कळांतच मोडतात. "त्या ढिगाचं काय केलंस?" मीं विचारलें.

तो थोडा वेळ गप्प राहिला. ढीग माझ्याच घरीं, कपाटाच्या खालच्या खणांत राहिला होता. मीं तो काढला आणि वरचें कार्ड कोणाचें तें वाचून दाखविलें. एक म्हातारा होत चाललेला गोलरक्षक निघाला. मुलगा त्याच्याविषयीं सांगूं लागला तो मध्यें आईनें हांक मारीपर्यंत सांगतच होता, आणि दूरध्वनि ठेवतांना म्हणाला, "आजोबा, ते जरा बाजूला ठेवा हं."